पार्किंगच्या संगणकीय सोडतीआधीची तयारी

सोसायटीच्या पार्किंगची सोडत संगणकावर काढायची असेल, तर आधी पात्र सदनिकांची यादी पक्की करून अनुक्रमांकासह सूचना फलकावर लावा. सोडत फाशांच्या दानांवरून काढायची आहे; फासे पडल्यानंतर यादीत दोन नावांची अदलाबदल झाली तरी निकाल फिरतो. प्रोग्रॅम आणि तो ज्या भाषेत चालतो त्या पायथॉनची आवृत्तीही त्याच दिवशी जाहीर करा. एक्सेलचे रँड सूत्र वापरू नका. कुठल्याही सेलमध्ये काही भरले की आकडे नव्याने बदलतात आणि मूळ निकाल पुन्हा दाखवता येत नाही.

खरी मेहनत सीडवर, म्हणजे प्रोग्रॅमला सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या बीजावर, घ्या. प्रोग्रॅम दिलेल्या सीडवरून ठरलेल्या गणिताने आकडे काढतो, त्यामुळे त्यात अनिश्चितता असते ती सीडपुरतीच. ३२ बिटांच्या (३२ शून्य-एकांच्या) सीडला ४,२९,४९,६७,२९६ पर्याय आहेत. अवघ्या १३ सदनिकांचे क्रम मात्र ६,२२,७०,२०,८०० होतात. म्हणजे कित्येक क्रम कधी निघूच शकत नाहीत. घड्याळाची वेळ सीड म्हणून घेणे याहून वाईट, कारण दिवसभरात मिलिसेकंद फक्त ८,६४,००,००० असतात. १९९९ साली एका ऑनलाइन पोकर प्रणालीत याच चुकीमुळे पुढचे पत्ते आधीच ओळखता आले. ऑपरेटिंग सिस्टीम हार्डवेअरमधून गोळा करते ती एन्ट्रॉपी (अनिश्चितता) उत्तम असते, पासवर्डसाठी तीच घ्यावी. पण ती सभासदांना डोळ्यांनी पडताळता येत नाही.

म्हणून फासा आणा. एका दानातून सुमारे २.५८ बिट मिळतात, तेव्हा ६० सदनिकांच्या सगळ्या क्रमांना पुरण्यासाठी किमान १०६ दाने हवीत, ११० घ्या. सभासदांनी आळीपाळीने, एका वेळी एकच फासा टाकावा. अनेक फासे एकदम टाकले तर कोणता आधी वाचायचा, यात लबाडीला वाव राहतो. टेबलाखाली पडलेले दान बाद, हेही आधीच ठरवा. अंकांची ओळ सलग मजकुराच्या रूपात सीड म्हणून द्या, तिचा छोटा आकडा करू नका.

कोणी स्वतः प्रोग्रॅम लिहीत असेल तर भागाकारात उरणाऱ्या बाकीचा हिशेब तपासा. ० ते २५५ मधल्या बाइटला (संगणकाच्या आठ बिटांच्या आकड्याला) ६० ने भागून बाकी घेतली, तर ० ते १५ या बाकींना पाच संधी मिळतात, इतरांना चारच. २४० आणि त्यावरचे बाइट टाकून द्यावेत.

आदल्या दिवशी खोट्या सीडवर रंगीत तालीम करा. सोडतीला दोन वेगळे लॅपटॉप ठेवा. दोन्हीवर हुबेहूब तोच क्रम यायला हवा. दानांचा कागद सभासदांच्या सह्यांसह सभेच्या इतिवृत्ताला जोडा, म्हणजे कोणालाही घरी तोच निकाल काढून पाहता येईल.