मुंबईत गाडी घेतली असेल तर लेकराची सीट आधी नीट बसवा

मी मूळची कवठेमहांकाळकडची. २००९ ला नोकरीसाठी मुंबईत आले, आधी डोंबिवलीत भाड्याने राहिले, आता मुलुंडला आहे. आमच्या भागातलं कुणी ना कुणी जोडपं दरवर्षी इकडे येतं, मूल होतं, तान्ह्याला घेऊन लोकलमध्ये चढणं जमत नाही म्हणून गाडी घेतात आणि मग फोन येतो, ताई, ते बेबी सीट कुठलं घेऊ? डिपॉझिट, भाडं, शाळेची अ‍ॅडमिशन यावर सांगणारे ढीगभर आहेत, पण सीट कुठली घ्यायची यापेक्षा ती बसवायची कशी हे जास्त महत्त्वाचं आहे आणि ते कुणीच सांगत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

मांडीवर घेणं विसरा. ताशी ५० च्या वेगात गाडी कशावर आदळली तर १० किलोचं पोर दोनशे किलोच्या वर ओढीने पुढे जातं, त्या क्षणी कुणाच्याच हातात ते राहत नाही, आईच्याही नाही. मुंबईत कुठे स्पीड मिळतो असं म्हणू नका, अटल सेतूवर ताशी १०० ची परवानगी आहे, पहाटे फ्रीवे मोकळा असतो, आणि गणपतीला नाहीतर दिवाळीला गावी जाताना एक्सप्रेसवेच लागतो. मागे बसलेल्याला बेल्ट कशाला, हा समज तर ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमधल्या चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हाच संपायला हवा होता. त्या गाडीत मागे बसलेले दोघं बेल्टशिवाय होते आणि दोघंही गेले, पुढचे दोघं वाचले. मोटार वाहन कायद्यातही आहे, २०१९ च्या दुरुस्तीतल्या १९४ ब कलमाप्रमाणे १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड. पण दंडासाठी करू नका, लेकरासाठी करा.

आता सीट कव्हर. यावर मी प्रत्येकाशी भांडते. नवी गाडी आली की आपली माणसं पहिल्याच रविवारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जाऊन जाड रेक्झिनची कव्हरं शिवून आणतात, मूल दूध सांडेल, ओकेल म्हणून. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत लेकराची सीट अडकवायच्या दोन लोखंडी कड्या असतात, त्यालाच आयसोफिक्स म्हणतात, आणि कव्हरवाला नेमकी तीच फट झाकून टाकतो. वर बेल्टची बक्कलं आत दाबून टाकतो. मग सीट आणली की कडी सापडत नाही आणि माणूस म्हणतो आमच्या गाडीत आयसोफिक्स नाहीच. बाजूला छोटं लेबल असतं, ते बघा, फटीत बोट घाला, गार लोखंड हाताला लागेल. कव्हर घालायचंच असेल तर त्या दोन जागा मोकळ्या ठेवून शिवायला सांगा आणि शिवून झाल्यावर तिथेच उभं राहून बोट घालून बघा. पुढच्या सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असेल तर तिथेही साधं कव्हर चालत नाही.

आयसोफिक्सच्या दोन कड्यांत सीट खट् करून बसली की काम झालं असं नाही. तिसरा आधार लागतोच, एकतर जमिनीला टेकणारा पाय नाहीतर वरून मागे जाणारा पट्टा, टॉप टेदर. पाय असेल तर गाडीच्या फ्लोअरखाली सामानाचा कप्पा नाही ना ते मॅन्युअलमध्ये बघा, पोकळ जागेवर पाय टेकवून उपयोग नाही. टेदर असेल तर त्याची कडी बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीच्या बाजूने असते, आणि मुंबईत निम्म्या लोकांनी डिकीत सीएनजीचा सिलिंडर बसवलेला असतो, मग तिथे हातच जात नाही. म्हणून सीएनजी बसवायच्या आधी कडी बघून घ्या. सामान बांधायचा हुक पण तिथेच असतो आणि तसाच दिसतो, त्यात टेदर अडकवू नका, जहाजाच्या नांगराची खूण असते तीच खरी कडी.

आमची चूक सांगते, कारण हीच चूक मी नंतर तीन घरांत बघितली. आमच्या गाडीला आयसोफिक्स नव्हतं, सीट गाडीच्या बेल्टनेच बांधायची होती. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर आम्ही उलटी, म्हणजे मागे तोंड असलेली, सीट सरळ केली. अशा सीटला बेल्ट घालायच्या दोन वाटा असतात, निळ्या खुणेची वाट मूल मागे तोंड करून बसतं तेव्हाची आणि लाल खुणेची पुढे तोंड करून बसतं तेव्हाची. आम्ही सीट फिरवली पण बेल्ट निळ्या वाटेनेच ठेवला. बक्कल लागत होतं, दिसायला सगळं बरोबर. पाच महिने रोज त्यातून पाळणाघरात नेलं. मग एका सकाळी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर विक्रोळीजवळ टेम्पो आडवा आला, नवऱ्याने ब्रेक मारला, धडक झालीच नाही, नुसता ब्रेक, आणि सीट मुलीसकट पुढे कलंडली. तिचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं, ओठ आतून फाटला, दोन टाके पडले आणि पुढचा दुधाचा दात आत गेला. ती रडत होती आणि मी सीटच्या बाजूला लाल बाण बघत होते, रिकामा. धडक झाली असती तर काय झालं असतं हे मला अजूनही मनात आणवत नाही.

म्हणून सीट फिरवली की वाट बदला. निळी मागे तोंड, लाल पुढे तोंड, घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा, आजोबांनाही. बेल्टने बांधताना सीटमध्ये गुडघा दाबून बसा, अंगाचा भार टाका आणि मग बेल्टचा सगळा ढिलेपणा ओढून घ्या, हाताने नुसतं ओढून पुरत नाही. नंतर बेल्ट जिथून जातो तिथेच सीट धरून हलवा, एक इंचापेक्षा जास्त सरकली तर परत सोडून बांधा. दुकानातला मुलगा बसवून देतो तेव्हा घाईत असतो, त्याच्यावर सोडू नका.

तोंड मागे किती दिवस ठेवायचं? युरोपच्या नव्या नियमात किमान १५ महिने आहे, पण सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर मागेच ठेवा, तीन-चार वर्षांपर्यंत गेलं तरी उत्तम. पाय दुमडतात म्हणून नातेवाईक हळहळतात, पोरांना त्याचं काही वाटत नाही. लहान मुलाची मान नाजूक आणि डोकं जड, उलटं बसलं की धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. आणि उलटी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीच नाही, कधीच म्हणजे कधीच.

जागा मागची डावी घ्या, फुटपाथच्या बाजूने उतरवता येतं, उजवीकडे दार उघडलं की बाइकवाला अंगावर येतो. उलट्या सीटमुळे पुढची डावी सीट पुढे घ्यावी लागते, तिथे उंच माणसाचे गुडघे अडतात, म्हणून सीट विकत घ्यायच्या आधी आपल्याच गाडीत बसवून बघा. जुनी सीट घ्यायची तर फक्त ओळखीच्यांकडून, अपघातातून गेलेली नाही हे पक्कं माहीत असेल तरच.

मुलाच्या अंगावरचे पट्टे खांद्यावर चिमटीत धरून बघा, चिमटीत घडी आली तर ढिले आहेत. गावी डिसेंबरात आजी स्वेटर, त्यावर जॅकेट घालून बसवते, तसं नको, जाड कपडा दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी बांधा, मग वरून शाल घाला.

पुढे मोठं झालं की बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, पण तीन जागी धरणारा बेल्ट असेल तिथेच, नुसत्या कमरेच्या बेल्टवर नाही. साधारण १३५ ते १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत बूस्टर लागतो.

घरातल्या मोठ्यांचं बोलणं ऐकावं लागतंच, लेकराला असं बांधून नेतात का म्हणून. आमच्या सासूबाई सुरुवातीला रुसल्या होत्या, त्यांना मी सीटच्या शेजारी बसवायला लागले, गोष्टी सांगायला, आता त्याच पट्टा लावून घेतात.

टॅक्सीत मागची बक्कलं बहुतेक कव्हरखाली दाबलेली असतात. बुक केल्यावर लगेच ड्रायव्हरला फोन करून दादा, बक्कल वर काढून ठेवता का असं विचारा, बहुतेक जण काढतात. नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा.

मे महिन्यात उघड्यावर लावलेल्या गाडीत बक्कलाचं लोखंड चटका देतं, बसवायच्या आधी हात लावून बघा. पावसाळ्यात पट्ट्यांना बुरशी येते, ते वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि गावी जाताना खालापूरला थांबून परत बसवलं की पट्टे पुन्हा ओढा, पोरं तेवढ्यात हात बाहेर काढतात.