मे महिन्यातले छत्रपती संभाजीनगर: दोन दिवसांच्या सहलीची तयारी

ऐन मे महिन्यात मराठवाड्यात फिरायला जाण्याचा बेत सांगितला की घरातली वडीलधारी माणसे कपाळाला हात लावतात, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नसते. पारा चाळिशीच्या आसपास असतो, झाडे धूळ पांघरून उभी असतात आणि अजिंठ्याची वाघोरा नदी दगडगोट्यांची वाट होऊन पडलेली असते. तरीही मुलांच्या सुट्ट्या याच महिन्यात येतात, नोकरदारांना शनिवार-रविवारच मोकळा मिळतो, आणि अजिंठ्याची लेणी सोमवारी तर वेरूळची मंगळवारी बंद असल्यामुळे दोन्ही पाहण्यासाठी शनिवार-रविवारची जोडी सोयीचीच ठरते. तेव्हा जायचेच असेल तर तयारी नीट करावी. माझ्या मते या तयारीची सुरुवात कपाट उघडण्यापासून करू नये. आधी कागद घेऊन दोन्ही दिवसांत आपण नेमके किती तास उन्हात असणार हे लिहून काढावे, कारण कपडे किती, पाणी किती आणि सनस्क्रीन किती वेळा, या सगळ्यांची उत्तरे त्या तासांवरच अवलंबून असतात.

शनिवार वेरूळला द्यावा. शहरापासून अंतर सुमारे 30 किलोमीटर आहे आणि लेणी सूर्योदयाला उघडतात, म्हणून मुक्कामावरून पहाटेच निघावे. येथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: वेरूळची 34 लेणी ज्या कड्यात कोरलेली आहेत तो पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी लेण्यांच्या पुढच्या भागात सावली असते आणि दुपारनंतर मात्र ऊन थेट आत येते. छायाचित्रकार संध्याकाळचा प्रकाश पसंत करतात. मे महिन्यात आपण त्यांचे ऐकू नये. प्रथम 16 क्रमांकाचे कैलास लेणे पाहावे, कारण त्याचे प्रांगण वरून उघडे आहे आणि ऊन डोक्यावर आले की तेथे थांबवत नाही. त्यानंतर 10 क्रमांकाच्या विश्वकर्मा चैत्यगृहात शांतपणे बसावे. 30 ते 34 ही जैन लेणी बरीच दूर आहेत, तिकडे वाहनाने जावे, आणि अकराच्या सुमारास परतीला लागावे. दौलताबादचा किल्ला वाटेवरच लागतो, पण त्याचा माथा गाठण्याचा मोह टाळावा. खालचा भाग आणि चाँद मिनार पाहून पुढे जावे, चढाई हिवाळ्यासाठी राखून ठेवावी.

शनिवारी दुपारी बारा ते चार हा वेळ खोलीत घालवायचा आहे असे सहलीतल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी ‘मग आलो कशाला’ हा वाद उद्भवत नाही. खोली आरक्षित करताना तिच्यात एसी आहे का आणि सकाळी लवकर ताबा मिळेल का, या दोन गोष्टी दूरध्वनीवरून विचारून घ्याव्यात. मुंबईहून रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने येणारी मंडळी पहाटेच उतरतात आणि खोलीचा ताबा दुपारी मिळणार असेल तर पहिला दिवस तेथेच बिघडतो. संध्याकाळ पाणचक्की आणि बीबी का मकबऱ्यासाठी ठेवावी. पाणचक्कीच्या आवारातल्या जुन्या वडाखाली दहा मिनिटे बसले तरी दिवसाचा शीण निम्म्याने उतरतो.

रविवारी अजिंठा. अंतर सुमारे 100 किलोमीटर असल्याने अडीच तास धरून साडेसहाला निघावे, म्हणजे लेणी उघडण्याच्या वेळेला, नऊच्या सुमारास, पोहोचता येते. आपली गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला ठेवावी लागते आणि तेथून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते, तेव्हा पाणी, टोपी, मोजे यांतले काहीही गाडीत विसरल्यास ते आणण्यासाठी परत जाणे सोपे नसते. जाताना रस्ता साधारण उत्तरेकडे जातो, म्हणून सकाळचे ऊन गाडीत उजव्या बाजूने येते, आणि परतताना दुपार कलली असेल तर ते पुन्हा उजवीकडेच येते. काचेतून त्वचा भाजणारे किरण बहुतांशी अडतात, पण त्वचा काळवंडवणारे बरेचसे आत येतातच. ज्याला किंवा जिला त्याची चिंता आहे त्याने डावी खिडकी आधीच मागून घ्यावी.

त्वचेची तयारी निघण्याच्या आठवडाभर आधी सुरू करावी. नवे सनस्क्रीन किंवा नवे मॉइश्चरायझर आणले असेल तर ते कानामागे अथवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एकदोन दिवस पाहावे. एका सहलीत मी निघण्याच्या सकाळीच नवी ट्यूब उघडली. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरले आणि अजिंठ्यातले पद्मपाणीचे जगप्रसिद्ध चित्र मी झोंबणाऱ्या, पाणावलेल्या डोळ्यांनी पाहिले. फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग ही कामे निघण्यापूर्वी निदान तीनचार दिवस उरकावीत, कारण त्यानंतर त्वचा हळवी झालेली असते आणि तशा त्वचेवर मराठवाड्याचे ऊन घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. रेटिनॉलची किंवा फळांच्या आम्लांची क्रीम रात्री लावत असाल तर तीही काही दिवस बंद ठेवावीत. आणि लिंबू! चेहरा उजळण्यासाठी लिंबाचा रस चोळण्याचा घरगुती उपाय उन्हाळ्यात पूर्णपणे टाळावा. हा रस त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे डाग पुढे कित्येक आठवडे राहतात. लिंबाची जागा सरबतात आहे.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या लोकांनी येथे एक फरक ध्यानात घ्यावा. किनाऱ्यावरचा उन्हाळा दमट असतो, घाम अंगावर साचतो, म्हणून तेथे चेहऱ्याला काहीही चिकट लावू नये अशी सवय झालेली असते. संभाजीनगरची मे महिन्यातली हवा कोरडी असते. घाम येतो पण तो लगेच उडून जातो, त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही असा समज होतो आणि ओठ फुटल्यावर, डोके दुखू लागल्यावर शरीरातले पाणी कमी झाल्याचे कळते. म्हणून येथे सौम्य मॉइश्चरायझर हवेच, ओठांसाठी ऊनरोधक बाम हवा आणि एसीच्या कोरड्या खोलीत झोपण्यापूर्वी हातापायांना थोडे खोबरेल तेल लावले तरी पुरते. मुलतानी मातीचे लेप घरीच ठेवावेत. आधीच कोरड्या पडलेल्या चेहऱ्याला ती आणखी ओढून घेते.

सनस्क्रीन कोणत्या कंपनीचे यापेक्षा किती आणि केव्हा हे महत्त्वाचे आहे. एसपीएफ 30 असलेले सनस्क्रीन त्वचा भाजणारे सुमारे 97 टक्के किरण अडवते आणि 50 वाले सुमारे 98 टक्के. या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, मात्र दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांपासून संरक्षण मिळते असे वेष्टनावर लिहिलेले असावे. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधले बोट यांच्यावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा काढाव्यात, एवढे प्रमाण लागते, आणि बहुतेकजण त्याच्या निम्मेही लावत नाहीत. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे व दर दोन तासांनी पुन्हा लावावे. आपल्या वेळापत्रकात शनिवारी सकाळचे दोन हात आणि रविवारचे तीन, असा हिशेब होतो; चार माणसांच्या कुटुंबाला एक छोटी ट्यूब पुरणार नाही, हे त्यावरूनच दिसते. कान, मानेची मागची बाजू, भांग आणि पावलांची वरची बाजू या चार जागा नेहमी विसरल्या जातात.

कपड्यांत पांढरे तलम मलमल सर्वांत थंड असा आपला समज असतो. ते हवेशीर असते हे खरे, पण त्यातून ऊनही आत येते, आणि ओले झाल्यावर तर अधिकच. घट्ट विणीचे, सैल शिवलेले, पूर्ण बाह्यांचे सुती कुडते अधिक उपयोगी पडतात. दोन दिवसांसाठी माणशी तीन कुडते किंवा सदरे, दोन सैल पायजमे, रात्रीचा एक जोड आणि अंतर्वस्त्रांचे चार जोड घ्यावेत. सकाळचा जोड दुपारी धुऊन टाकला तर या हवेत तो संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतो, हा कोरडेपणाचा एकमेव फायदा. ज्यांच्या मांड्या चालताना घासतात त्यांनी आत घालायच्या आखूड चड्ड्या आणि व्हॅसलीनची लहान डबी आवर्जून घ्यावी. याविषयी कोणी बोलत नाही आणि दुसऱ्या दिवशी अनेकजण पाय फाकवून चालताना दिसतात. एक मोठा सुती स्कार्फ प्रत्येकाकडे असावा. पुण्याच्या मुलींना तो कसा गुंडाळावा हे शिकवण्याची गरज नाही. पुरुषांनी उपरणे किंवा पंचा घ्यावा, तो टोपीखाली ओला करून घातला की मान थंड राहते. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिरात दर्शन घ्यायचे असेल तर गाभाऱ्यात जाताना पुरुषांना वरचे कपडे उतरवावे लागतात, त्यामुळे सहज निघणारा सदरा बरा.

पायांकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. अजिंठ्यात चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात, आणि एका लेण्यातून दुसऱ्यात जाताना ती पुन्हा घालावी लागतात. नाडीचे बूट घालून गेलेला मनुष्य तिसऱ्या लेण्यानंतर वैतागतो आणि बूट हातात घेऊन तापलेल्या काळ्या दगडावरून अनवाणी चालू लागतो; तळव्याला फोड येण्यास तेवढे पुरेसे असते. मागे पट्टा असलेली, पण झटकन निघणारी आणि घट्ट पकडीच्या तळाची चप्पल घ्यावी, आणि आत वावरण्यासाठी जाड सुती मोज्यांचे दोन जोड पाठीवरच्या पिशवीत ठेवावेत. चप्पल नवी नसावी. सुरुवातीच्या पायऱ्यांची चढण खडी आहे; ज्येष्ठांसाठी तेथे डोलीची सोय असते, तिचा संकोच बाळगू नये.

चष्मा वापरणाऱ्यांसाठी एक सूचना, जी मला कोणी दिली नव्हती. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा लेण्यात शिरल्यावर लगेच पांढऱ्या होत नाहीत आणि आत मुळातच उजेड मंद असतो, त्यामुळे पहिली काही मिनिटे भिंतीऐवजी अंधारच दिसतो. साधा चष्मा बरोबर ठेवावा. आत फ्लॅश चालत नाही, म्हणून मोबाइलमधला फ्लॅश आदल्या रात्रीच बंद करून ठेवावा.

आता पाणी. प्रत्येकाकडे स्वतःची एक लिटरची बाटली असावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला चार घोट घ्यावेत. ओआरएसच्या पुड्या माणशी दोन घ्याव्यात. मोठी पुडी एक लिटर पाण्यात आणि लहान पुडी एका पेल्यात असे वेगवेगळे प्रमाण असते, ते पुडीवर वाचून तेवढेच पाणी घ्यावे, अंदाजाने नाही. ताक, कोकम सरबत, पन्हे यांना पर्याय नाही, फक्त त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे याची शंका असेल तर बर्फाशिवाय मागावे, आणि कापून उघड्यावर ठेवलेल्या कलिंगडाकडे पाहूही नये. आजीने खिशात कांदा ठेवायला सांगितला तर जरूर ठेवावा. तिचे समाधान होते आणि जेवताना तो उपयोगीही पडतो. नान कलिया हा या शहराचा मानाचा पदार्थ आहे, तो रात्रीसाठी ठेवावा, कारण दुपारच्या उन्हात तेवढे जड मटण पचवणे सोपे नसते.

औषधांच्या पाकिटात नेहमीची औषधे, ताप व पोट बिघडण्यावरची गोळी, चिकटपट्टी आणि कापूस असावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. इन्सुलिन, पॉवर बँक आणि डिओडरंटचे फवारे उभ्या गाडीत ठेवू नयेत. कोणाचे अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर ते उष्माघाताचे लक्षण समजून त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी मारून वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक मुलांनाही पाठ करून द्यावा.

प्रसाधनांची पिशवी तळहाताएवढी असावी. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, ओठांचा बाम, न पसरणारे काजळ आणि कोरफडीचे जेल यापलीकडे काही लागत नाही. फाउंडेशन घामात चिरते आणि छायाचित्रात ते दिसतेच. अत्तर कपड्यांना लावावे, उघड्या त्वचेला नाही. केसांना रोज धुण्याऐवजी घट्ट नसलेली वेणी घालून वर स्कार्फ बांधावा.

पिशवीचा एक कोपरा रिकामा ठेवावा. हिमरूची, म्हणजे येथल्या रेशमी-सुती विणीची, शाल नाही तरी एखादा कापडाचा तुकडा घेतल्याशिवाय बायका, आणि खरे तर पुरुषही, या शहरातून परतत नाहीत. निघण्यापूर्वी घरच्या फ्रिजमध्ये दह्याचे भांडे, पाण्याच्या दोन बाटल्या आणि कोरफडीची एक पात ठेवून जावे. रविवारी रात्री उशिरा घरी पोहोचल्यावर स्वयंपाक करण्याचे त्राण कोणातच नसते. गार पाण्याने हातपाय धुवावेत, चेहरा न घासता कोरफड लावावी आणि दहीभात कालवावा.