गॉस्पेल कॉयरमध्ये टेनर म्हणून उभे राहताना

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेल्यावर पहिल्याच सत्रात मी तिथल्या गॉस्पेल कॉयरच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या वृंदाच्या, तालमीला गेलो. चाळीसेक गायकांपैकी बहुतेक सर्व कृष्णवर्णीय होते. दोन गौरवर्णीय मुली, एक कोरियन विद्यार्थी आणि मी, एवढेच बाहेरचे. कोणी परीक्षा घेतली नाही. संचालकांनी माझा आवाज कोणत्या पट्टीत मोकळा होतो एवढे पाहिले, टेनरच्या, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजाच्या, रांगेकडे बोट दाखवले आणि तालीम सुरू झाली. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या आणि गाण्याची ओढ असणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या दोन वर्षांत जे शिकलो ते इथे लिहीत आहे.

हातात स्वरलिपीचा कागद मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. संचालक ओळ गाऊन दाखवतात, सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचे उंच आवाज, ती उचलतात, मग आल्टो, म्हणजे स्त्रियांचे खालचे आवाज, मग टेनर. बास, म्हणजे पुरुषांच्या खर्जातल्या आवाजांचा, वेगळा गट बहुधा नसतो, सारे पुरुष टेनरमध्येच गातात. गुरूच्या तोंडून ऐकून चीज उचलण्याची सवय असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला ही पद्धत परकी वाटत नाही. अडचण पुढे येते. तिन्ही गट एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांवर उभे राहतात, आणि टेनरची ओळ एकटी गायली तर तिला चाल अशी जाणवतच नाही. सहा वर्षे हिंदुस्थानी गायन शिकलेला माझा गळा आपोआप सोप्रानोच्या सुरावटीकडे ओढला जाई. शेजारचा ज्येष्ठ गायक तेव्हा माझ्या कानाशी आमची ओळ ठामपणे गात राही. यावर मला सापडलेला उपाय असा, की परवानगी घेऊन दोन्ही ओळी फोनवर वेगवेगळ्या ध्वनिमुद्रित कराव्यात, आधी आपली ओळ पाठ करावी आणि मग सोप्रानोची ओळ लावून तिच्यासमोर आपली टिकवून धरावी. तंबोऱ्याच्या षड्जावर स्थिर राहण्याची जी एकाग्रता आपण कमावलेली असते, ती इथे नेमकी कामाला येते.

टाळीचेही तसेच. आपला हात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडू पाहतो, आणि तिथे टाळी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर असते. सारी रांग डावी-उजवीकडे डोलत असताना एकाची टाळी चुकली तर ती दिसते आणि ऐकूही येते, म्हणून हे आधी पायांनी शिकावे. गाण्याच्या शेवटी एक छोटी ओळ पुन:पुन्हा घेतली जाते, तिला तिथे ‘व्हँप’ म्हणतात. ऑर्गन आणि ड्रम तिच्याखाली जोर वाढवत नेतात, मुख्य गायक तिच्यावर आपले शब्द टाकत राहतो, आणि संचालकांचा हात वर गेला की सगळा कॉयर अर्ध्या स्वराने वरच्या पट्टीत चढतो. पहिल्यांदा हे अनुभवले तेव्हा मला आमच्या गावच्या भजनी मंडळाची आठवण झाली. तिथे माझे आजोबा टाळकऱ्यांत उभे असत, आणि अभंगाचे ध्रुवपद घोळत घोळत लय चढत जाई. हे साम्य खरे आहे, परंतु ते तालमीत बोलून दाखवण्याची घाई करू नये. समोरच्याचे पूर्ण ऐकून घेण्याआधी ‘आमच्याकडेही असेच असते’ असे म्हटले की त्याचे वेगळेपण पुसले जाते, असे माझे मत आहे.

ते वेगळेपण समजण्यासाठी थोडा इतिहास माहीत असावा. नॅशव्हिल येथील फिस्क हे मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८६६ साली सुरू झालेले विद्यालय पाच वर्षांत आर्थिक संकटात सापडले. तेव्हा १८७१ मध्ये त्याचे खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थी गायकांना घेऊन निधी जमवण्यासाठी दौरा काढला. त्यांतील बहुतेक जण गुलामगिरीतच जन्मलेले होते, आणि मळ्यांवर गायली जाणारी त्यांची भक्तिगीते, म्हणजे स्पिरिच्युअल्स, या दौऱ्यांमुळे जगभर पोहोचली. आज आपण ज्याला गॉस्पेल म्हणतो तो प्रकार त्यानंतरचा. शिकागोत १९३० च्या दशकात थॉमस डॉर्सी या ब्लूज वाजवणाऱ्या पियानोवादकाने चर्चच्या गायनाला तो घाट दिला. विद्यापीठांतील गॉस्पेल कॉयर आणखी नंतरचे आहेत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या सुमारास, जिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी मूठभर होते अशा अनेक विद्यापीठांत त्यांनी एकमेकांना आधार म्हणून हे वृंद उभे केले. हार्वर्डमधील कुंबा सिंगर्स १९७० चे. आज तिथे, आणि आमच्याकडेही, कोणालाही प्रवेश आहे. पण आठवडाभर वर्गात एकटे पडणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यासाठी तालमीचे ते दोन तास घरासारखे असतात, आणि आपण त्या घरात आलो आहोत हे नव्या सभासदाने लक्षात ठेवावे.

माझ्याकडून याबाबत एक चूक झाली. काही स्पिरिच्युअल्समध्ये कृष्णवर्णीयांच्या जुन्या बोलीचे उच्चार तसेच राखून गातात. तालमीनंतर बाहेर बोलताना मी सहज त्याच उच्चारांत एक वाक्य म्हटले. एका ज्येष्ठ सभासद मुलीने मला बाजूला घेऊन शांतपणे समजावले, की त्या उच्चारांची नक्कल करून तिच्या पूर्वजांना रंगमंचांवर वर्षानुवर्षे हास्यास्पद ठरवले गेले आहे. मी क्षमा मागितली. गाण्यात संचालक सांगतील तसा उच्चार करावा, बोलण्यात मात्र आपली भाषा आपलीच ठेवावी.

श्रद्धेचा प्रश्न प्रत्येकाने आधीच स्वतःशी सोडवावा. तालमीची सुरुवात हात धरून केलेल्या प्रार्थनेने होते, कोणी आपला अनुभव सांगतो, कधी कोणी रडतो. मी वारकरी घरातला असल्याचे संचालकांना दुसऱ्याच आठवड्यात सांगितले. त्यांनी माझ्या धर्माबद्दल काही मागणी केली नाही. शब्दांचा अर्थ समजून गा, एवढेच म्हणाले. काही कॉयर सभासदांकडून ख्रिस्ती श्रद्धेची अपेक्षा ठेवतात, म्हणून प्रवेशापूर्वी विचारून घ्यावे. ज्याला येशूचे नाव आदराने घेता येणार नाही, त्याने केवळ सुरांसाठी तिथे जाऊ नये असे मला प्रामाणिकपणे वाटते. रविवारी चर्चमध्ये गायला जावे लागते, उपासना दोन तासांहून अधिक चालू शकते, आणि त्यानंतरच्या जेवणाला थांबणे हा शिष्टाचाराचाच भाग असतो.

आपल्या घरातून आपण काय घेऊन जातो, हेही पाहावे लागते. त्या लोकांत रात्री एकटा का जातोस, असे आईने फोनवर विचारले तेव्हा मला उत्तर सुचले नाही, कारण लग्नाच्या जाहिरातीत गोरी वधू मागणाऱ्या समाजातच आम्ही दोघे वाढलो होतो. पुढच्या सुट्टीत मी तिला ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका वाचून दाखवली. जोतीराव फुले यांनी तो ग्रंथ १८७३ साली, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. फिस्कचे ते गायक त्याच वर्षी इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गात होते. फुल्यांना त्या लोकांचे दुःख पुण्यात बसून आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशी जोडता आले, आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी फिस्कचेच माजी विद्यार्थी असलेल्या कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिले तेही याच नात्याने. आईने अर्पणपत्रिका दोनदा वाचली आणि कॉयरचे ध्वनिमुद्रण लावायला सांगितले.

एकल गायनासाठी पुढे होऊ नये, बोलावले तरी विचार करावा. तिसऱ्या सत्रात डिसेंबरच्या वर्धापन कार्यक्रमात एका गीताआधी मी आलाप घ्यावा असे संचालकांनी सुचवले. त्या कार्यक्रमाला जुन्या तुकड्यांचे सभासद दुरून येतात आणि शेवटच्या गीताला मंचावर चढून आपापल्या रांगेत उभे राहतात. ती संध्याकाळ त्यांची असते. मी तसे सांगितले आणि त्यांना ते पटले. वसंत सत्रात, सर्व विद्यार्थी संघटनांच्या एकत्र कार्यक्रमात, मी तो आलाप भैरवीत घेतला. ऑर्गनवादकाने माझा षड्ज खाली धरून ठेवला होता, आणि आलाप संपताच टेनरच्या रांगेत माझ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागी मी परत गेलो.