कोल्हापूरहून लंडन: अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. त्याला ताशी ८५० किलोमीटर या वेगाने भागून चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवावा आणि पश्चिमेकडे जाताना समोरून येणाऱ्या वाऱ्यापोटी आणखी थोडा वेळ धरावा. तिकिटावरील वेळा मात्र त्या त्या शहराच्या असतात, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो: हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघून संध्याकाळी ६.३० वाजता लंडनला उतरणारे विमान साडेचार तासांचे नसते, तर घड्याळांतील साडेपाच तासांचा फरक मिळवून दहा तासांचे असते. उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांवर येतो. कोल्हापूर ते मुंबई रस्त्याचे सात-आठ तास (पुण्याजवळची कोंडी वेगळीच) आणि विमानतळावरील तीन तास धरूनच घरून निघण्याची वेळ ठरवावी.