पाणथळीतला पालापाचोळा कुजवताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरला गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यातून कालव्यांना पाणी सुटलं की काठ उघडा पडतो, पाणी अडवलं की तोच काठ पुन्हा बुडतो. अशा जागी पाणकणसाची, म्हणजे काठावरच्या उंच पाणवनस्पतीची, वाळकी पानं जाळीच्या पिशव्यांत भरून ठेवायची आणि किती कुजली ते कळायला दर महिन्याला वजन करायचं, एवढाच प्रयोग. तरी आकडे जुळत नाहीत.

बहुतेक वेळा चूक पाण्याच्या नोंदीत असते. पिशवी काढायच्या दिवशी खोली मोजली आणि वहीत लिहिली, झालं! मधल्या दिवसांत पिशवी कोरडी पडून पुन्हा बुडाली असेल, तर ते कळणार कसं? ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे १०,००० पट हळू पसरतो. बुडालेल्या चिखलात तो लवकर संपतो. मग जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट, लोह, सल्फेट यांवर भागवतात, शेवटी मिथेन तयार करणारे उरतात. कुजणं मंदावतं, पण थांबत नाही. पाणी ओसरून ओल राहिली की बुरशी हातपाय पसरते, कारण पानाला कडकपणा देणारं लिग्निन फोडायला तिला ऑक्सिजन लागतो. पार सुकलं की सगळेच निपचित पडतात. आणि पाणी परत आलं की काही दिवस कार्बन डायऑक्साइडचा लोंढा येतो, कारण सुकून मेलेले सूक्ष्मजीव जगलेल्यांचं खाद्य होतात. म्हणून सरासरी खोली एकच असली, तरी दोन पिशव्यांचे निकाल वेगळे येतात. खुंटाला मोजपट्टी बांधा, रोज वाचा, बुडालेले दिवस मोजा.

वजन घटायच्या ऐवजी वाढलं? गाळ चिकटलाय. पानं हलक्या हाताने धुवा, सुकवून तोला, थोडा नमुना भट्टीत ५५० अंशांवर जाळा, राखेचं प्रमाण काढा आणि त्या हिशेबाने एकूण वजनातून राख वजा करा. पहिल्या दोन दिवसांतली मोठी घट सूक्ष्मजीवांच्या खात्यावर टाकू नका. ती बरीचशी साखरेसारखे पदार्थ पाण्यात विरघळून गेल्यामुळे असते.

हिरवी पानं कापून भरणं मला सर्वात खटकतं. पाणकणसाचं पान उभ्यानेच वाळतं, त्याआधी झाड त्यातला बराचसा नायट्रोजन काढून घेतं, आणि दवाच्या ओलीवर बुरशी तिथेच कामाला लागते. हिरवं पान त्यामानाने फार लवकर कुजतं.

सूक्ष्मजीव तपासायचे असतील तर तो हिस्सा बर्फात न्या, ओव्हनमध्ये सुकवू नका. पिशवी उघडताच वास आणि रंग लिहून घ्या. सडक्या अंड्यांचा वास, पानावर काळा थर म्हणजे सल्फेटवर जगणारे जिवाणू. तो काळा रंग हवा लागली की तपकिरी होत जातो.