‘पाठलाग’ घरच्यांना कसा दाखवावा

आधी एक विचारून घ्या: ‘मेरा साया’ कोणी पाहिलाय? राजा परांजप्यांच्या १९६४ च्या ‘पाठलाग’ या मराठी रहस्यपटावरूनच दोन वर्षांनी तो हिंदीत आला. ज्यांना रहस्य ठाऊक आहे त्यांना मागच्या ओळीत बसवा आणि शेवटपर्यंत गप्प राहायचं वचन घ्या. आमच्याकडे आत्याने अर्ध्यातच गुपित फोडलं. भाची अजून रुसलेली आहे.

ट्यूब बंद करा, खिडकीचे पडदे ओढा. कृष्णधवल चित्रातल्या सावल्या उजेडात मरतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

मग मतं फुटतीलच. भाचीला चित्रपट संथ वाटला. बाबांना तोच संथपणा प्रिय: बायको गेलेल्या माणसापुढे तिच्याच चेहऱ्याची बाई उभी राहून ‘मीच ती’ म्हणते, तेव्हा घाई कशाला? मी बाबांच्या बाजूची. वाद मात्र थांबवू नका. फक्त प्रत्येकाला विचारा, तुमचा संशय नेमका कुठल्या प्रसंगात पालटला? आमच्यात तिघांची तीन उत्तरं आली.

‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे गाणं पुढे पळवू नका. आशाबाईंच्या त्या सुरातच अर्धं रहस्य आहे.