गोड पात पाहिजे? मग गंधकाची पिशवी जरा लांबच ठेवा

भात कापून झालं, झोडून झालं, खाचरात पाय टाकला तर अजून ओल लागतेय, म्हणजे अलिबागकडे आता एकच विषय, पांढरा कांदा. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगाव या पट्ट्यात भातानंतर हाच कांदा लागतो आणि फेब्रुवारी-मार्चला रस्त्याच्या कडेला माळा लटकायला लागल्या की मुंबईकर गाड्या थांबवतात. त्याच्या आधी महिनाभर जी कोवळी पात निघते तिची चव ज्याला माहितीये तो माळेची वाट बघत बसत नाही. अगदी कच्ची खाल्ली तरी नाकात झणका जात नाही. तर यंदा ज्यांना घरापुरती किंवा विकायला ही गोड पात आणि कांदा करायचाय त्यांच्यासाठी लिहितोय, आमच्याकडून झालेल्या चुका धरून.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगून टाकतो. तीनेक वर्षांपूर्वी खत आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, कांदा आहे ना, मग गंधक पाहिजेच, आणि दाणेदार गंधकाची पिशवी हातात दिली. वर सुपर फॉस्फेट होतंच, त्यातही गंधक. कांदे टपोरे आले, एकदम मस्त दिसायला. पहिला कांदा घरात कापला आणि बायको पदराने डोळे पुसतेय! दरवर्षी दहा माळा नेणारं एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं, त्याने तर तोंडावर सांगितलं, काका हा तुमचा नाही, बाहेरचा आणून विकताय. आता त्याला काय सांगणार, बी घरचं, शेत घरचं, फक्त तिखटपणा पिशवीतून आला.

त्याचं कारण सोपं आहे. कांद्याचा झणका आणि डोळ्यातलं पाणी हे सगळं गंधकाचं काम. कांदा जमिनीतून गंधक उचलतो, त्याची संयुगं पेशीत साठवतो, आणि आपण सुरी फिरवली की ती फुटून त्यातून वायू निघतो जो डोळ्याला चुरचुरतो. गंधक जास्त तर झणका जास्त. अलिबाग तालुक्याच्या मातीत मुळात गंधक कमी आहे म्हणून इथला कांदा सौम्य, त्याच्यावरच जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात व्हिडेलिया नावाचा गोड कांदा होतो, त्याचंही गुपित हेच, कमी गंधकाची रेताड जमीन. आणि अजून एक, गोड कांद्यात साखर जास्त असते असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही नाही, झणका कमी म्हणून जिभेला गोडी कळते. पावडर करायला जो पांढरा कांदा लागतो, गुजरातेतल्या महुव्याकडचा वगैरे, त्यात घनपदार्थ भरपूर असतात पण तो चांगलाच तिखट असतो, त्यामुळे पांढरा दिसला म्हणजे गोड असं समजून बी घेऊ नका.

आता नाशिक-पुणेकडचे म्हणतील, आम्हाला तर कृषी सल्ल्यात गंधक द्याच म्हणून सांगतात. बरोबर सांगतात. उन्हाळी कांदा कांदाचाळीत चार-पाच महिने टिकवायचा असेल तर गंधक लागतं, त्याचं टिकणं आणि झणका हे एकाच माळेचे मणी आहेत. आपला गोड कांदा तेवढा टिकत नाही हे आधीच मान्य करून चालायचं.

म्हणून खताची बॅग घेताना नाव नाही, आतलं काय ते बघा. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये साधारण ११ टक्के गंधक असतं, २०:२०:०:१३ या मिश्र खतातला शेवटचा १३ म्हणजे गंधकच, अमोनियम सल्फेटमध्ये असतं, ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश त्यातही १७-१८ टक्के असतं आणि तेच आपण पोसायला म्हणून शेवटी ड्रिपमधून सोडतो, म्हणजे नेमकं गड्डा भरताना. त्याऐवजी युरिया, डीएपी आणि म्युरेट ऑफ पोटॅश यावर भागवा. आमचा अंदाज गुंठ्याला दीड-दोन क्विंटल चांगलं कुजलेलं शेणखत, डीएपी किलो-सव्वा किलो, पोटॅश पाऊण किलो लावणीच्या वेळी, आणि युरिया पावणेदोन किलो तीन हप्त्यात, लावताना, महिन्याने आणि पंचेचाळीस दिवसांनी, त्यानंतर नत्र अजिबात नाही, नाहीतर मान जाड होते आणि कांदा पोसतच नाही. माती परीक्षण करून घेतलंत तर यात कमी-जास्त करा, आणि परीक्षणाला देताना गंधकही तपासा म्हणून सांगा, ते न सांगता करतीलच असं नाही. गंधक एकदम शून्य पण नको हां, कोवळी नवीन पानं पिवळट पडायला लागली तर ती गंधकाची ओरड असते (नत्र कमी पडलं तर जुनी पानं आधी पिवळी होतात, हा फरक लक्षात ठेवा), तेव्हा थोडं द्यावं लागतं. शेणखत नीट पडलं असेल तर सहसा ती वेळ येत नाही. ज्यांची जमीन काळी, भारी आहे त्यांनी आधी दोन वाफ्यांवर करून बघा, चव घ्या, मग पुढच्या वर्षी वाढवा. देशावरच्या काळ्या मातीत अलिबागचं बी टाकून अलिबागची चव येईल या भरवशावर एकरभर लावू नका.

बी. कांद्याचं बी वर्षभरच चांगलं उगवतं, दोन वर्षांपूर्वीची पुडी कपाटात सापडली म्हणून खूश होऊ नका. शक्य असेल तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या, आणि घरचं बी धरणाऱ्यांनी बघा की शेजारी दीड किलोमीटरच्या आत कोणी लाल कांद्याचे डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, फुलवलेले नाहीत, मधमाशीला आपला-परका कळत नाही. एकराला तीन-चार किलो बी आणि रोपाला दोन गुंठे जागा पुरते. किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (मित्रबुरशीची पावडर) चोळून गादीवाफ्यावर ओळीत टाकायचं, फेकून नाही, फेकलेलं रोप दाट होतं, तळाशी हवा खेळत नाही आणि मर लागते. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर रोप टाकायचं, सहा-सात आठवड्यांनी लावणी, म्हणजे डिसेंबर, फार तर जानेवारीचा पहिला आठवडा. हल्ली नोव्हेंबरात अवकाळी येऊन बसतो, त्यामुळे वाफा चांगला वीतभर उंच करा आणि थोडं बी मागे ठेवा, एकदा आमचा अख्खा वाफा वाहून गेलाय.

लावणीत आम्ही एक करतो ते सांगतो कारण त्यातूनच पातीचे पैसे निघतात. ओळीत १५ सेंटिमीटर ठेवायचं पण रोपात १० न ठेवता ५ सेंटिमीटरवरच लावायचं. पन्नासेक दिवसांनी एकाआड एक रोप मुळासकट उपटलं की ती तुमची पातीची जुडी, आणि राहिलेल्याला आपोआप १० सेंटिमीटर जागा मिळते, तो पुढे कांदा होतो. विरळणीची मजुरी जुडीतून वसूल. फक्त उपटताना शेजारचं रोप हलतं म्हणून आदल्या दिवशी पाणी द्या.

पाणी थोडं थोडं पण नेमाने. थंडीत आठ-दहा दिवसांनी, नंतर ऊन वाढलं की सहा-सात दिवसांनी, जमीन बघून. ताण बसला की कांदा चिडतो, म्हणजे खरंच झणका वाढतो, आणि मार्चचं ऊन चढलं की अजून वाढतो, म्हणून उशिरा लावलेला कांदा तितका गोड लागत नाही. कांदा काढायचा असेल तर दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडायचं, पातीला ते लागू नाही, ती रसरशीतच काढायची.

रोगकिडीत दोनच गोष्टी छळतात. सकाळचं दव आणि ढगाळ हवा आली की करपा, पातीवर जांभळट लांबट डाग. आणि कोरडं पडलं की फुलकिडे, पात चंदेरी पांढरी पडते, वाकडी होते. कडेने मक्याच्या दोन ओळी, निळे चिकट सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क, एवढ्यात लहान प्लॉटचं निभतं. फवारणीत स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रावण, टाकाच, कांद्याची पात मेणचट असते, थेंब घसरून खाली जातो. आणि हे जरा ओरडून सांगतोय, पात विकणार असाल तर रासायनिक फवारणीनंतर लेबलवर काढणीसाठी जितके दिवस लिहिलेत तितके थांबा, कारण इथे फवारलेलं पानच माणूस खातो. मोठा कांदा सोलून निघतो, पात काय सोलणार? करप्यावर पाण्यात मिसळायचं गंधक मारू का असं कोणी विचारलं तर आपल्या प्लॉटला नको, वर सगळं सांगितलंच आहे.

जमीन नसेल तर घरातले कोंब आलेले पांढरे कांदे जुन्या टबात लावा, महिनाभरात पात. दोन बोटं वर ठेवून कापली तर परत फुटते, दोनदा तरी मिळते. मधेच जाड पोकळ दांडा वर आला की तो डेंगळा, लगेच मोडा, नाहीतर पात राठ होते.

निम्म्या माना पडल्या की कांदा काढायचा. माळा विणायच्या असतील तर पात पूर्ण वाळू द्यायची नाही, चिवट असतानाच विणावी लागते, हे काम आमच्याकडे बायकाच करतात आणि पुरुषांनी केलेली माळ घरापर्यंत टिकत नाही. उन्हात उघडा टाकला तर पांढरा कांदा हिरवा पडतो, म्हणून पातीखाली झाकून दोन-तीन दिवस, मग सावलीत.

आता खायचं. जुडी आणली की न चिरता ओल्या कागदात गुंडाळून ठेवा किंवा मुळं पाण्यात. चिरण्याआधी पान जिथून फुटतं ती बेचकी उघडून धुवा, माती तिथेच लपते. पीठ पेरून करायची असेल तर आधी पांढरा भाग मोहरी-हिंग-लसणावर, मग हिरवा, बेसन कोरडं भाजून वरून भुरभुरवायचं, पाणी एक थेंब नको, पात स्वतःच सोडते. हा कांदा सौम्य असल्यामुळे लाल कांद्यासारखा वीस मिनिटं परतलात तर चवच उरत नाही, गचका होतो. जानेवारीत पोपटी (मडक्यात पाल्यावर शेंगा भाजतात ती) लावाल तेव्हा भांबुर्ड्याच्या पाल्यावर वालाच्या शेंगांबरोबर हे बारके कांदे अख्खे टाका, सालासकट.

पण खरी मजा सुक्या जवळ्यात. वाटीभर जवळा कोरडा भाजायचा, पाखडून पटकन एका पाण्यातून काढायचा, भिजत ठेवायचा नाही. तेलात ठेचलेला लसूण भरपूर, पांढरा भाग, हळद, आगरी मसाला, मग जवळा, दोन आमसुलं, दोन वाफा. गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी हिरवी पात मूठभर नाही, ताटभर, आणि त्यानंतर झाकण ठेवायचं नाही, पात काळवंडते. तांदळाची भाकरी तोपर्यंत तव्यावर फुगलेली पाहिजे.